उथळ पाण्याची नाव

करडीच्या माणसाने नावेवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. कोकणचा किनारा महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि आम्ही मोहाडी तालुक्यातले, धानाच्या बांध्यांमधले. पण भंडारा हा तलावांचा जिल्हा आहे. करडीच्या पश्चिमेला वैनगंगा वाहते आणि आजूबाजूला गावागणिक तलाव आणि बोड्या आहेत. नाव आमच्याकडे परकी नाही. परकी आहे ती मोटर, आणि सध्या जुन्या बाजारातून आमच्याकडे येऊ लागलेली, दुसऱ्या पाण्यासाठी बांधलेली नाव.

हा विषय माझ्याकडे चालून आला. आयुष्यभर मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवला. निवृत्तीनंतर एके दिवशी ढिवर समाजाच्या चार घरांतली माणसे माझ्या ओसरीवर आली. त्यांनी मिळून पैसे साठवले होते, काही उसने घेतले होते. नदीचा एक पट्टा आणि एका तलावाचा ठेका, एवढ्यावर त्यांचे चालते. तोवर ते ट्रकच्या ट्यूबवर आणि थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकत होते. पौषातल्या पहाटे कमरेपर्यंत ओले होऊन थर्माकोलवर बसणे म्हणजे काय, ते एकदा पाहिल्यावर नाव हवी की नको हा प्रश्न उरत नाही. प्रश्न होता कोणती. त्यांच्या मोबाइलवर एका नावेचा फोटो होता. कोकणातल्या खाडीत चाललेली, पांढरी शुभ्र, फायबरची, टोकदार नाकाची, मागे साडेनऊ-दहा अश्वशक्तीची मोटर. किंमत त्यांच्या आवाक्यातली. "गुरुजी, तुम्ही इंजिन पाहा, बाकी आम्ही पाहतो," असे तरुण म्हणाले. त्यांच्यातले सर्वांत वडील मात्र फोटो दूर धरून बराच वेळ पाहत होते. ते एवढेच म्हणाले, "पानी कमी झाला का हे नाव कामाची नाई जी."

या एका वाक्याचा अर्थ यंत्राच्या भाषेत मांडता येतो का, हे पाहण्यात माझे पुढचे काही महिने गेले. त्यातून जे हाती लागले ते येथे देतो.

वर्षातून एकदा येणारी भरती

खाडीही उथळच असते. मग खाडीतली नाव तलावात का चालू नये? फरक आहे तो वेळेचा. खाडीत पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. ओहोटीला नाव चिखलात बसली तरी सहा तासांनी भरती तिला उचलते. म्हणून कोकणातल्या माणसाने नाव निवडताना लाटेचा विचार आधी केला आणि उथळपणाचा नंतर. नाव अरुंद ठेवली, तळाला उतार दिला, लाकडी होडीच्या बाजूला तोल सांभाळायला उलांडी बांधली. त्या पाण्याला ते शोभते.

आमच्याकडे भरती वर्षातून एकदाच येते. आषाढापासून भाद्रपदापर्यंत पाणी चढते. त्यानंतर धानाला पाणी सुटते, ऊन तापते, आणि वैशाखापर्यंत पाणी उतरतच जाते. पौषात जी नाव गाळात रुतली, तिला उचलणारी भरती थेट पुढच्या पावसाळ्यात. त्यात मासेमारीचा खरा हंगाम पाणी उतरतानाचा. म्हणजे मासे सर्वांत जास्त हाती लागतात तेव्हाच पाणी सर्वांत कमी असते. नाव निवडायची ती भरलेला तलाव पाहून नव्हे, तर होळीच्या सुमाराचा तलाव आठवून.

त्यातही आमच्याकडे तीन पाणी आहेत आणि तिन्हींचे स्वभाव निराळे. पहिले मालगुजारी तलावाचे. कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर शासनाकडे आले आणि लोकांच्या तोंडी 'मामा तलाव' झाले. पूर्वी दरवर्षी गाळ निघे, पाळीची डागडुजी होई. ती व्यवस्था मोडली आणि तलाव गाळाने भरत गेले. त्यात बेशरमाची झुडपे माजली. दुसरे पाणी नदीचे. वैनगंगेत डोह खोल असतात, पण दोन डोहांच्या मध्ये वाळूचे पट्टे असतात आणि हिवाळा संपता संपता तिथे घोटा बुडेल एवढेच पाणी राहते. तिसरे पाणी गोसीखुर्द धरणाचे. पवनी तालुक्यातल्या या धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते बसली. आज त्याचा फुगवटा भंडारा शहरापर्यंत पोचतो. हे पाणी रुंद आहे, वाऱ्याला त्यावर लाट उठते, आणि काठाकाठाने बुडालेल्या गावांची झाडे, कुंपणे, भिंती पाण्याखाली उभ्या आहेत. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळते. त्या खतावर जलपर्णी पोसते. तिन्ही पाण्यांना एकच नाव चालेल असे समजणे ही पहिली चूक.

घोट्याचे पाणी आणि गुडघ्याचे पाणी

नाव किती पाण्यात तरंगेल हे काढायला मोठे गणित लागत नाही. नाव आपल्या एकूण वजनाएवढे पाणी बाजूला सारते, हे आर्किमिडीजचे तत्त्व आपण शाळेत शिकलो. समजा, सपाट तळाची एक नाव पावणेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंद आहे. पुढचे निमुळते टोक वजा केले तर तिचा तळ साधारण पाच चौरस मीटर पाणी व्यापतो. एवढ्या क्षेत्रावर एक सेंटिमीटर जाडीचा पाण्याचा थर म्हणजे पन्नास लिटर, म्हणजेच पन्नास किलो. तेव्हा दर पन्नास किलोला नाव एक सेंटिमीटर खाली बसते. नावेचे वजन दीडशे किलो, तीन माणसे १८० किलो, जाळी आणि मासळी मिळून १३० किलो, मोटर आणि इंधन ४० किलो, असे पाचशे किलो धरले तर नाव दहा सेंटिमीटर पाण्यात बसेल. घोट्याएवढ्या पाण्यात ती तरंगते. तेवढेच वजन अरुंद, उतरत्या तळाच्या नावेत घातले तर ती पाव मीटर किंवा त्याहून खोल जाते. फोटोतली नाव आमच्या वाळूच्या पट्ट्यांवर बसली असती, ती यामुळे.

पण खरी मेख याच्या पुढे आहे. मागे टांगलेल्या आउटबोर्ड मोटरीचा पंखा नावेच्या तळाखाली फिरतो. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती नावेच्या तळाच्या रेषेत किंवा बोटभर खाली असावी लागते, नाहीतर पंखा हवा ओढतो, आवाज वाढतो आणि नाव पुढे सरकत नाही. त्या पट्टीच्या खाली पंखा आणि पंख्याखालचे पाते मिळून लहान मोटरीतही पाव मीटरभर जागा घेतात. म्हणजे नावेला घोट्याएवढे पाणी पुरते, पण मोटरीला जवळजवळ गुडघ्याएवढे लागते. उथळ पाण्यासाठी म्हणून सपाट तळाची नाव घेणारे बरेच जण येथेच फसतात. नाव कुठवर जाईल हे तिचा तळ ठरवीत नाही, मोटरीची शेपटी ठरवते.

म्हणून जुनी मोटर पाहताना अश्वशक्ती विचारण्याआधी दांड्याची लांबी विचारावी. आखूड दांडा १५ इंची, म्हणजे ३८ सेंटिमीटर, आणि लांब दांडा २० इंची, म्हणजे ५१ सेंटिमीटर. नावेच्या मागच्या फळीची उंची, जिथे मोटर अडकवतात तिथपासून तळापर्यंत, टेप लावून मोजावी. आखूड फळीवर लांब दांड्याची मोटर बसवली तर पंखा आणखी १३ सेंटिमीटर खोल जाईल आणि गुडघ्याचे पाणी मांडीपर्यंत लागेल. खाडीतल्या मोटरी पुष्कळदा लांब दांड्याच्या असतात. त्या फोटोतलीही तशीच निघाली.

शक्तीचा मोह

दुसरा मोह अश्वशक्तीचा. तरुणांचे म्हणणे होते, दहाची मिळते आहे तर पाचची कशाला? त्याला उत्तर आहे. पाणी कापत जाणारी नाव स्वतःची लाट घेऊन चालते, आणि त्या लाटेची लांबी नावेच्या लांबीएवढी झाली की नाव तिच्याच खळग्यात अडकते. यावरून वेगाची मर्यादा ठरते. सोळा फुटी नावेसाठी ती ताशी दहा किलोमीटरच्या जवळपास येते. तेवढा वेग लहान नावेला तीन ते पाच अश्वशक्तीत मिळतो. त्यापुढची शक्ती नावेला पाण्यावर उचलून पळवण्यासाठी लागते, आणि माणसे, जाळी, मासळी यांनी भरलेली नाव तशी उचलली जात नाही. दहाची मोटर घेऊन आपण विकत घेतो ते जास्तीचे वजन, जास्तीचे इंधन आणि मागे झुकलेली नाव. उथळ पाण्याला खळखळाट फार, अशी म्हण आहे. उथळ पाण्यातल्या मोटरीलाही ती लागू पडते.

आउटबोर्डला दोन पर्याय आहेत. एक लांब शेपटीचे इंजिन. थायलंड आणि व्हिएतनामच्या उथळ पाण्यात ते सर्रास चालते. वर साधे हवेवर थंड होणारे इंजिन, त्याला सरळ लांब दांडा, आणि टोकाला पंखा. हा पंखा खाली न जाता मागे, पाण्याच्या पृष्ठभागालगत फिरतो आणि चालवणारा दांडा दाबून तो हवा तेव्हा वर उचलतो. वाळूचा पट्टा आला की पंखा उचला, बांबूने रेटा, पुन्हा टेका. त्याचा मोठा गुण असा की इंजिन पाण्याच्या पंपासारखेच असल्यामुळे मोहाडी-तुमसरचा पंप मेकॅनिकही ते खोलू शकतो. आउटबोर्डचा एखादा रबरी भाग मात्र किनाऱ्यावरून मागवावा लागतो, आणि तो येईपर्यंत हंगाम निघून जातो. लांब शेपटीचा दोषही सांगितला पाहिजे. पंखा उघडा असतो, हाताला आणि जाळ्याला त्याचा धोका आहे. वळायला जागा लागते, आणि आवाज कानठळ्या बसवणारा.

दुसरा पर्याय बॅटरीच्या मोटरीचा. बारा व्होल्टची मध्यम मोटर पूर्ण जोरात पन्नास अँपिअरच्या आसपास वीज ओढते. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर दोन तास चालेल, पण शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, तेव्हा खऱ्या हिशेबात एक तास धरावा. हळू चालवली तर त्याहून बरीच जास्त. एवढ्याशा तलावाला ते पुरेसे आहे. ई-रिक्षा आता आमच्याकडेही आल्या असल्यामुळे बॅटरी आणि चार्जर यांची माहिती असलेला माणूस जवळ सापडतो. ज्या तलावावर गुरे पाणी पितात आणि बाया कपडे धुतात, तिथे तेलाचा तवंग नको, हा विचारही आहेच.

जुनी नाव तपासताना

जुन्या वस्तूचा रंग जितका नवा, तितका संशय अधिक घ्यावा. फायबरची नाव आधी उलटी करून पाहावी. विकणारा ती उलटवू देत नसेल तर तिथूनच परत यावे. मग एक रुपयाचे नाणे घेऊन तळ आणि बाजू वीतभर अंतराने ठोकत जावे. टणक, खणखणीत आवाज आला तर थर एकमेकांना धरून आहेत. जिथे आवाज बद्द येतो, तिथे थर सुटले आहेत किंवा आत पाणी शिरले आहे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा वरच्या लेपात असतील तर त्यांचे मूळ शोधावे. आघाताच्या जागेभोवती त्या गोल पसरतात, आणि कमकुवत जोडावर रेषेत धावतात. दुसऱ्या प्रकारच्या भेगा वाईट.

सर्वांत महत्त्वाची जागा मोटरीची फळी. फायबरच्या आत ती बहुधा लाकडी प्लायची असते. स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरते आणि लाकूड आतल्या आत कुजते, बाहेर मात्र काही दिसत नाही. मोटरीचे खालचे टोक धरून मागेपुढे हलवावे. फळी हलताना दिसली, तिच्या कोपऱ्यात भेग उघडली-मिटली, तर आत भुसा झाला आहे असे समजावे. ही फळी बदलण्याचा खर्च पुष्कळदा नावेच्या जुन्या किमतीच्या जवळ जातो.

शक्य असेल तर नाव वजनकाट्यावर घालावी. धानाचे काटे आमच्याकडे गावोगाव आहेत. तिच्या मापाच्या नावेपेक्षा ती फार जड भरली तर दोन थरांमधला फेस पाणी पिऊन बसला आहे. याचा तरंगण्याशी थेट संबंध आहे. लाकडी डोंगा पाण्याने भरला तरी तळाला जात नाही, त्याला धरून माणूस जगतो. फायबर मात्र पाण्याहून जड असते. बंद हवेचे किंवा फेसाचे कप्पे शाबूत नसतील तर भरलेली फायबरची नाव दगडासारखी जाते. म्हणून हे कप्पे उघडून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

लाकडी नाव घ्यायची असेल तर टोचणी जवळ ठेवावी. पाण्याची रेषा जिथे बसते तिथे, खिळ्यांभोवती आणि फळ्यांच्या टोकांना टोचून पाहावे. चांगले लाकूड टोचणीला अडवते, कुजलेले आत घेते. खिळ्याभोवती काळा डाग असेल तर गंज लाकूड खातो आहे. उन्हात पडून फळ्यांत फटी आल्या असतील तर मात्र लगेच घाबरू नये. नाव दोन दिवस पाण्यात ठेवली की लाकूड फुगून फटी मिटतात. ज्या मिटत नाहीत, त्यांचा हिशेब करावा.

मोटर तपासायची ती थंड असताना. विकणाऱ्याने आपण जाण्याआधीच ती गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. सुरू झाल्यावर मागून पाण्याची बारीक धार सतत पडली पाहिजे. धार तुटक असेल तर आतला रबरी पंखा झिजला आहे किंवा मिठाने वाटा बुजल्या आहेत. समुद्रावरून आलेल्या मोटरीत हा दुसरा धोका मोठा. खालच्या गिअरचे तेल थेंबभर काढून पाहावे. ते दुधाळ असेल तर आत पाणी जाते आहे. मग पंखा काढून दांड्यावर नजर टाकावी. मासेमारीच्या मोटरीत तुटलेल्या जाळ्याचा नायलॉन धागा दांड्याभोवती गुंडाळून रबरी सील कापतो. तेल दुधाळ होण्याचे मूळ पुष्कळदा हेच असते. दोन सिलिंडरांची मोटर असेल तर दोन्हींचा दाब मोजावा. दोघांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर ती मोटर घेऊ नये. आणि ड्रममध्ये पाणी घालून चालवलेल्या मोटरीवर कधीच विसंबू नये. माणसे बसवून, पाण्यात, अर्धा तास चालवावी.

कागद शेवटी पाहायचे, पण पाहायचेच. किनाऱ्यावरच्या नावेची नोंदणी तिथली असते. ती रद्द झाल्याचा किंवा नावावर झाल्याचा कागद हवा. मोटरीचा क्रमांक घासलेला असेल तर तिथेच थांबावे. नदी-तलावात चालणाऱ्या यांत्रिक नावांची नोंदणी आणि तपासणी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ खाली येते. मोटर बसवण्याआधी आपल्या नावेला काय लागू होते, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्यावे.

सपाट तळाचा धोका

सपाट नावेची बाजू मी इतकी घेतली, तर तिचा दोषही लिहिला पाहिजे, कारण त्यात जीव जातात. सपाट तळाची नाव सुरुवातीला फार स्थिर वाटते. उभे राहिले तरी डुलत नाही. त्या भरवशावर माणसे जास्त बसतात. पण आत दोन-चार बादल्या पाणी साचले की गोष्ट बदलते. सपाट तळावर ते पाणी मोकळे फिरते. नाव जरा एका बाजूला कलली की सगळे पाणी त्याच बाजूला धावते आणि कल वाढवते. त्याच वेळी जाळे ओढणारे दोघे त्याच बाजूला वाकलेले असतात. म्हणून तळाला लांबीच्या दिशेने पट्ट्या हव्यात, पाणी उपसायचे भांडे बांधलेले हवे, आणि भरलेल्या नावेची कड पाण्यावर किमान फूटभर राहिली पाहिजे. अंगात लाइफ जॅकेट हवे हे लिहायला लागू नये, पण लागते. गोसीखुर्दच्या रुंद पाण्यात वारा सुटला की सपाट नाव काठ धरून चालवावी.

शेवटी काय घेतले

आम्ही कोकणातली नाव घेतली नाही. एका मत्स्य सहकारी संस्थेने बाजूला टाकलेली सपाट तळाची फायबरची नाव मिळाली. तिला रंग उरला नव्हता. मोटरीची फळी कुजलेली होती आणि विकणाऱ्यांनी ते आधीच सांगितले. ती फळी आम्ही सागाची बसवली. नदीसाठी पंपाच्या इंजिनाची लांब शेपटी जोडली, पंख्याभोवती लोखंडी पिंजरा वेल्ड केला. तो माझ्या जुन्या विद्यार्थ्याने केला. तलावावर मोटर न्यायची नाही, हे त्या वडीलधाऱ्या बाबांनी ठरवले. मी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले की मासा काठाच्या गवतात अंडी घालतो, आणि पंखा गवत कापतो.

यावर मला बोलता आले नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर गावांबरोबर बेशरम काढून तलावात पुन्हा देशी पाणवनस्पती लावण्याचे काम केले आहे, कारण मरळ, शिंगाडा अशा देशी माशांचे घर त्या वनस्पतींतच असते. त्या कामाविषयी मी वाचले होते. पण नाव निवडताना ते मला आठवले नव्हते. मी घोट्याचे आणि गुडघ्याचे पाणी मोजत होतो. त्या पाण्यात आणखी कोणी राहते, हे माझ्या गणितात आलेच नव्हते.

गेल्या हिवाळ्यात मी एकदा त्यांच्याबरोबर नदीवर गेलो. वाळूचा पट्टा आला तसे इंजिन बंद झाले, शेपटी वर आली आणि बाबांनी बांबू टेकला. तळ वाळूला हलकेच घासला आणि नाव पुढच्या डोहात उतरली. तरुण पोराने दोरी ओढून इंजिन पुन्हा सुरू केले. तिघांच्याही पायांत कोरडी चप्पल होती.